हरेश्वरचा रिकामा पंधरवडा

घटस्थापना जवळ आली की आमच्या बोईसरच्या सोसायटीत उपासाच्या गप्पा सुरू होतात. कोण नुसत्या फळांवर राहणार, कोण नुसत्या पाण्यावर, कोण नऊ दिवस पायात चप्पल घालणार नाही. परवा शेजारची सून शेंगदाणे सोलता सोलता मला म्हणाली, "आजी, उपासात डोकं कसं हलकं होतं बघा. सगळं लख्ख आठवायला लागतं."

"होतं खरं तसं," मी म्हटलं. "एखादा दिवस, दोन दिवस."

पुढचं मी बोलले नाही. तिच्या उत्साहावर पाणी कशाला ओता? पण गॅलरीत येऊन बसले आणि पावसानंतरचं ते धुतलेलं ऊन पाहिलं, तेव्हा मला सातपाटी आठवली. वय ऐंशीच्या पुढे गेलंय. चष्मा कुठे ठेवला ते विसरते. पण भुकेलेल्या माणसाचा मेंदू काय करतो हे मी विसरलेले नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी ते एका माणसाच्या उशाशी बसून पाहिलेलं आहे.

साठ-सत्तरच्या मधली वर्षं ती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि माझे यजमान त्या कामावर होते. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. समुद्र मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. मला नर्सची नोकरी सातपाटीच्या लहानशा दवाखान्यात मिळाली, म्हणून मी तिथेच एक खोली घेऊन राहायची आणि हे रविवारी बोईसरहून यायचे. पहिले सहा महिने मला माशांच्या वासाने जेवण जायचं नाही. मग कधी तरी तो वास येईनासा झाला. आज मात्र नुसतं ऊन पाहूनही येतो. सुकत घातलेल्या बोंबलांचा खारट, किंचित गोड वास, ओल्या दोरखंडांचा वास, आणि दारादारातून पेटणाऱ्या चुलींचा धूर.

त्या वर्षी नारळीपौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या. गणपती आले, गेले. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत आभाळ अचानक फिरलं. वारा असा सुटला की दवाखान्याची कौलं उडाली. बाहेर गेलेल्या होड्या एकेक करून परतल्या. एक परतली नाही. तिच्यावर दोघंच होते. होडी हरेश्वरची. तिशीतला, रुंद छातीचा, बोलका गडी. आणि त्याच्या बरोबर दामू, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. हरेश्वरच्या घरी बायको जयवंती. दामूच्या घरी त्याची म्हातारी आई, भागीरथी. सगळं गाव तिला भागीआय म्हणायचं. दामू तिचा एकुलता एक.

पितृपक्ष लागला. इतर होड्यांनी शोधून पाहिलं, काही मिळालं नाही. सर्वपित्री अमावास्या आली तेव्हा शेजारणी जयवंतीला हळूच म्हणाल्या की आता त्याच्या नावाने पान वाढ. मी तेव्हा तिच्या दारातच उभी होते, तिच्या धाकट्या मुलीला गोवराचा ताप होता म्हणून आले होते. जयवंती सूप आपटून उभी राहिली.

"पान कुणाला वाढू? माजा मानूस जेवायला घरी येनार हाय."

आणि तो आला. दुसऱ्याच दिवशी, घटस्थापनेच्या सकाळी. गुजरातकडून मुंबईला निघालेल्या एका मालाच्या गलबताला ती होडी भरसमुद्रात वाहत असलेली दिसली होती. डोलकाठी मोडलेली, जाळं गेलेलं, तळाशी पावसाचं पाणी साचलेलं. गलबतावरच्या लोकांनी त्याला पाणी पाजलं, आणि सातपाटीच्या होड्या दिसताच त्यांच्या हवाली केलं. सापडली तेव्हा होडीत हरेश्वर एकटाच होता.

किनाऱ्यावर अख्खं गाव लोटलं. चार जणांनी त्याला उचलून आणलं, पण एकानेही सहज आणलं असतं. रुंद छातीच्या जागी बरगड्या. ओठ फाटलेले, डोळे खोल. जयवंतीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "भात टाकते." मागून कुणी पापलेट घेऊन धावलं, कुणी नारळ, कुणी घरचे लाडू. भागीआय मात्र गर्दीच्या कडेला उभी राहून होडीकडेच बघत होती. होडीतून आणखी कुणी उतरलं नाही.

पालघरला आमचे एक डॉक्टर होते. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आलेले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांना निरोप गेला आणि ते दुपारी आले. हरेश्वरला तपासून झाल्यावर ते अंगणात आले. तिथे चुलीवर भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं. त्यांनी जयवंतीला विचारलं, "हे त्याच्यासाठी?"

"व्हय."

"यातला एक घासही त्याला द्यायचा नाही."

मग एकदम सगळ्या बाया बोलू लागल्या. डॉक्टर शांतपणे थांबले आणि म्हणाले, "लढाई संपली तेव्हा उपाशी कैद्यांची एक छावणी आमच्या ताब्यात आली. हाडांचे सापळे होते ते. आम्हाला दया आली. होतं नव्हतं ते सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. भात, मटण, साखर. भुकेने जी माणसं वर्षभर मेली नव्हती ती आमच्या हातचं जेवून मेली. मी स्वतः वाढलं होतं."

मग मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. माणूस बरेच दिवस उपाशी राहिला की शरीर आपल्याच चरबीवर, आपल्याच मांसावर जगायला शिकतं. सगळी कामं मंद करतं. त्यात एकदम भरपूर भात गेला की सगळं दणक्यात सुरू होतं, रक्तातले क्षार भराभर खेचले जातात आणि हृदय गोंधळतं. शिवाय भात अंगी लागायला एक जीवनसत्त्व हवं असतं, ब-एक. ते उपासात संपून गेलेलं असतं. उरलंसुरलं तो भात खाऊन टाकतो, आणि मेंदू कोरडा पडतो.

"हातसडीच्या तांदळाची पातळ पेज द्या, मीठ घालून. वाटीभर, थोड्या थोड्या वेळाने. शहाळ्याचं पाणी द्या. इंजेक्शनं माझ्याकडे आत्ता नाहीत, उद्या घेऊन येतो. तोवर तुम्ही इथेच बसा आणि त्या पातेल्यावर लक्ष ठेवा."

मी बसले. भुकेल्या माणसाला अन्न नाकारण्याची नोकरी मी त्या दिवशी केली. हरेश्वर हळू आवाजात सतत बोलत होता, आणि सगळं बोलणं जेवणाचं. कुणाच्या लग्नात कोळंबीचं कालवण कसं झालं होतं, कुणाच्या बारशाला भाकऱ्या किती मऊ होत्या, कुणाकडे मीठ जास्त पडलं होतं. गावातली वीस वर्षांतली प्रत्येक पंगत त्याला पाठ होती. माणूस उपाशी असला की मेंदू बाकीची सगळी दारं लावून घेतो आणि स्वयंपाकघर तेवढं उघडं ठेवतो. मी वाटीभर पेज दिली की तो ती चाटूनपुसून संपवायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की मला मान वळवावी लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाळंतिणीसाठी मला बोलावणं आलं. जयवंतीला मी बजावून सांगितलं. ती मान डोलवत होती, पण परत आले तेव्हा हरेश्वरच्या उशाशी रिकामी थाळी होती. भाताची शितं आणि माशाचे काटे. जयवंती भिंतीला टेकून बसली होती. तिने नजर चोरली नाही.

"तो रडत व्हता, बाय. माज्याकडं हात जोडून भात मागत व्हता. माज्याच्यानं नाय बघवलं."

मी तिला बोल लावला नाही. त्या थाळीत माया होती, दुसरं काही नव्हतं. पण संध्याकाळच्या आत हरेश्वरची पावलं सुजली. छातीत धडधड सुरू झाली. मी त्याच्यासमोर बोट धरलं तर त्याची बुबुळं थरथरत इकडून तिकडे पळत होती. उठून बसवला तर झोकांड्या. आणि जयवंतीकडे बघून तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "तुमी कोन? माजी बायको कुठं हाय?"

डॉक्टर इंजेक्शनं घेऊन आले ते वेळेवर आले म्हणायचे. ब-एक दंडात टोचलं, पुन्हा टोचलं, आणि सकाळ-संध्याकाळ टोचत राहायला मला सांगून गेले. अन्न परत वाटीभर पेजेवर आणलं. या वेळी जयवंती स्वतः दाराशी बसली आणि लाडू घेऊन येणाऱ्यांना तिनेच परत पाठवलं. दोन-तीन दिवसांत छाती शांत झाली, डोळे स्थिरावले. सूज उतरली. बायकोला ओळखू लागला. गाव म्हणालं, वाचला. मीही म्हटलं, वाचला.

मग भागीआय आली.

ती येऊन त्याच्या पायथ्याशी बसली. बुटकी, काटक बाई, नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली. तिने आवाज न चढवता विचारलं, "हरेश्वर, माजा दामू कसा गेला रं?"

हरेश्वर म्हणाला, "झोपेत गेला, काकी. माज्या मांडीवर डोकं होतं. मी त्याला पानी पाजलं. आय म्हनाला, आनि गेला." सांगताना त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. भागीआय त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून उठून गेली. मला वाटलं, तिचं ओझं हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आईच ती, तिला तेच पुन्हा ऐकायचं होतं. हरेश्वर म्हणाला, "त्याला सातपाटीची बत्ती दिसली, काकी. म्हनाला, घर आलं. मी हात धरला त्याचा, पन त्यानं उडी टाकली." डोळ्यांना तसंच पाणी. आवाजात तीच खात्री. काल काय सांगितलं होतं त्याची त्याला दादही नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने सांगितलं की दामू गलबतावरून मुंबईला गेला आहे, जाळं आणायला. येईल.

मी त्याच्या खोलीत उभी राहून हे ऐकत होते. ही लबाडी नव्हती. लबाड माणूस तुमचा चेहरा वाचत बोलतो. हरेश्वर कुठे तरी आत बघून, जे समोर दिसतंय तेच सांगत होता. सकाळी काय खाल्लं ते विचारलं तर तो म्हणायचा, पापलेट. खाल्लेली असायची पेज.

पण गावाला हे कोण सांगणार? चहाच्या टपरीवर लोक बोलू लागले. मी औषधाची पेटी घेऊन तिथून जात होते, तेव्हा एक जण मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणाला, "दोगं गेले, एक आला. खायला काय नवतं, मग हा जगला कसा? रोज येगळं सांगतो म्हंजे लपवायचं काय तरी हाय." बाकीचे खाली बघत चहा पीत राहिले. कोणी नाही म्हणालं नाही. हरेश्वरने दामूलाच खाल्लं असं ते सुचवत होते, हे मला कळलं. जयवंती पाण्याला गेली की विहिरीवरच्या बाया बोलायच्या थांबू लागल्या.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी मला उलट विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"त्याला आठवत नाही. आणि आठवत नाही हेही त्याला कळत नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "मेंदूत आठवणी जिथे बसतात त्या जागेला इजा झाली आहे. ते दिवस तिथे उमटलेच नाहीत. पण मेंदूला रिकामी जागा सोसत नाही. तो स्वतःच काहीतरी रचून ती भरतो, आणि त्यालाच आठवण समजतो. खोटं बोलायला खरं ठाऊक असावं लागतं. याला ते ठाऊक नाही."

"बरा होईल?"

"बराचसा. नवं लक्षात राहायला लागेल. पण ते दिवस परत येतील असं मी तुम्हाला सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी मी भागीआयच्या घरी गेले. दारात दामूची टोपली, खुंटीवर दामूचा सदरा. मी तिला सगळं सांगितलं, जीवनसत्त्वासकट. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, "बाय, तो रोज माज्या दामूला नव्यानं मारतो. येक मरन पुरलं असतं मला."

"म्हणून तर सांगायला आले. आता थोडे दिवस त्याला विचारू नका. विचारलं की तो भरून काढतो. त्याचा इलाज नाही."

"किती दिस?"

"ते मला ठाऊक नाही. पण तो तुमच्याशी खोटं बोलत नाहीय, हे मला पक्कं ठाऊक आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी साताऱ्याची, परकी, वयाने तिच्या लेकीएवढी. मग म्हणाली, "थांबते."

ती थांबली. आजही मला वाटतं, त्या मोसमात सगळ्यांत मोठा उपास तिने केला. उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस दोन घरं सोडून राहतोय, आणि त्याला विचारायचं नाही. नवरात्र संपलं, दसरा झाला. हवा कोरडी होत गेली, पहाटे अंगावर पांघरूण लागायला लागलं. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकू लागले आणि वाऱ्यावर खडखडू लागले. पेजेची जागा मऊ भाताने घेतली, मग भाकरीने. हरेश्वरच्या गालांवर मांस आलं. काठी टेकत तो अंगणात चालू लागला. एका सकाळी मी विचारलं, काल रात्री काय जेवलास? तो बराच वेळ विचार करत राहिला.

"आठवत नाय, बाय," तो म्हणाला.

मी पेटी उघडायचं निमित्त करून मान खाली घातली. इतकं आनंदाचं वाक्य मी त्या घरात ऐकलं नव्हतं. रिकामी जागा त्याला रिकामी दिसू लागली होती. दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर सांगितलं, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. पुढच्या नारळीपौर्णिमेला तो परत समुद्रावर गेला, दुसऱ्याच्या होडीवर, आणि त्यानंतर कित्येक वर्षं जात राहिला. नावं विसरायचा, बाजारात गेला तर जयवंती दोनदा बजावून सांगायची, पण संसार त्याने चांगला केला. ते दिवस मात्र कधीच परत आले नाहीत. माझी बदली बोईसरला झाली त्यानंतरही मी त्याला भेटत असे, आणि दर वेळी तो स्वतःहून सांगायचा, अजून नाय आठवत, बाय. त्यात लाज नव्हती. डोळ्यांत डोळे घालून सांगायचा.

पण हे असं सांगायला तो शिकला त्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारची वेळ. भागीआयच्या अंगणात पाच-सहा बाया सुके बोंबील निवडत बसल्या होत्या, आणि ओट्यावर टपरीवरचे ते दोघे-तिघे पुरुष विड्या ओढत टेकले होते. मी भागीआयच्या हाताची जखम बांधत होते. हरेश्वर काठी टेकत आला. मागे जयवंती. त्याला यायला कुणी सांगितलं नव्हतं.

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "काकी," तो म्हणाला, "मी तुला दामूचं जे जे सांगितलं त्यातलं काय बी खरं नाय. जयवंतीनं मला सांगितलं मी काय काय बोललो ते. तवा मला वाटलं तसंच झालं. आता बघतो तर तिथं कायच नाय. वारा सुटला तिथवर हाय. मग गलबतावरचा मानूस पानी पाजतो ते हाय. मदलं नाय. तो कसा गेला मला ठाव नाय. मी त्याला वाचवायला गेलो का नाय, ते बी ठाव नाय." मग आवाज खाली गेला. "त्याचा चेहरा पन नीट समोर येत नाय, काकी."

ओट्यावरचा एक जण खाकरला. "आता नवीनच," तो पुटपुटला.

भागीआयने बांधून होत असलेला हात माझ्याकडून ओढून घेतला आणि ती ओट्याकडे वळली. "मी आय हाय त्याची. मी इचारत नाय, तर तुमी कोन इचारनार? उटा माज्या ओट्यावरनं."

ते उठले. विड्या विझवून गेले. बाया बोंबील निवडत राहिल्या, पण हात संथ झाले होते. भागीआयने पाट पुढे सरकवला.

"बस," ती हरेश्वरला म्हणाली. "चेहरा येत नाय म्हनतोस. मी सांगते." आणि ती दामूबद्दल बोलू लागली. त्याला उजव्या भुवईवर कसा व्रण होता, तो झोपेत कसा हसायचा, भरतीचं पाणी बघून लहानपणी कसा टाळ्या पिटायचा. हरेश्वर डोळे मिटून ऐकत होता. ती सांगत गेली. "एकदा नारळीपुनवंला मी त्याला नवा सदरा शिवला. पांढरा. सकाळी घातला आनि दुपारी चिखलात लडबडून घरी आला. म्हनाला, खाडीवर घसरलो. मी मारला त्याला. लय मारला."

हरेश्वरने डोळे उघडले.

"घसरला नवता, काकी."

बायांचे हात थांबले. जयवंती एक पाऊल पुढे आली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मलाही तीच भीती वाटली, की हा परत रचायला लागला. हरेश्वरच्या कपाळावर घाम आला होता. याआधीच्या त्याच्या गोष्टींत तो दामूचा हात धरत असे, त्याला पाणी पाजत असे.

"मी ढकलला त्याला," तो म्हणाला. "त्याचा सदरा नवा होता. माजा जुना होता."

भागीआयने पदराने तोंड पुसलं, आणि मी त्या मोसमात पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तुज्या आयनं दुसऱ्याच दिशी येऊन सांगितलं व्हतं. तुला आठवतं का बघत व्हते." आणि ती पाटाजवळ सरकून बसली. "आनकी काय काय केलंत रं दोगांनी? सांग मला."